क्वेडलिनबुर्गचं चर्च नाझींनी बांधलं का? तिथली राजाची कबर खरी आहे का?

प्रश्नकर्त्याने विचारलंय की जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवरचं चर्च हिटलरच्या काळातलं आहे का, राजा हाइनरिश पहिला याची कबर तिथे बघता येते का, आणि माग्डेबुर्गहून एका दिवसात जाऊन येणं जमेल का. पुढे लिहिलंय, 'पण हाडं सापडली होती असं वाचलं.'

चर्च नाझींच्या कितीतरी आधीचं आहे. कबर आहे, पण रिकामी. एका दिवसात आरामात होतं. एवढं सांगून थांबले असते, पण त्या हाडांवरून मी माझ्या चुलतकाकांशी त्याच चर्चच्या बाहेर भांडले आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी माग्डेबुर्गला नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी काका-काकू आले होते. काकांना इतिहासाची आवड, आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती त्यांनीच काढली. त्यांना कॅथेड्रल, नदी वगैरे काही नको होतं, 'जर्मनांचा पहिला राजा' बघायचा होता. वेदीखालच्या तळघरात उतरलो. तिथे बुटके खांब, कमानींवर बायबलमधल्या प्रसंगांची फिकट झालेली चित्रं, आणि जमिनीच्या पातळीखाली एक दगडी शवपेटी. झाकणावर लॅटिन अक्षरं कोरलेली. काका वाकून म्हणाले, 'हाच ना?' मी म्हटलं, 'नाही काका, ही राणी माटिल्डे. राजाची जागा शेजारी, तिथे काही नाही.' काका चिडले. 'अगं, १९३७ साली सापडला की!'

सापडला नव्हता. हाइनरिश २ जुलै ९३६ ला वारला आणि इथे पुरला गेला, हे खरं. २ जुलै १९३६ ला हजार वर्षं झाली म्हणून एसएसचा, म्हणजे नाझींच्या निमलष्करी संघटनेचा, प्रमुख हिमलर इथे आला, मोठा सोहळा केला, भाषण ठोकलं. त्याला हाच राजा का हवा होता तेही उघड आहे. हाइनरिश पूर्वेकडे स्लाव लोकांवर चालून गेला होता, हंगेरियन टोळ्यांना त्याने हरवलं होतं, आणि ९१९ मध्ये राजा होताना त्याने चर्चच्या हातून अभिषेक करून घेतला नव्हता. पूर्वेच्या जमिनीवर डोळा आणि चर्चबद्दल तिटकारा असलेल्या माणसाला याहून सोयीचा पूर्वज कुठे मिळणार? फक्त कबरीत राजा नव्हता. मग एसएसने खोदकाम केलं, हाडं मिळाल्याचं जाहीर केलं आणि १९३७ च्या २ जुलैला ती थाटामाटात पुरलीसुद्धा. युद्धानंतर ती पेटी उघडली तेव्हा कळलं, ती हाडं हाइनरिशची नव्हतीच.

१९३८ मध्ये गावच्या लोकांची प्रार्थना बंद करून चर्च एसएसने पूर्ण ताब्यात घेतलं. बाकं काढली. चौदाव्या शतकातला, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतला गाभारा त्यांना 'अस्सल' वाटेना, म्हणून आतून गोल भिंत घालून तो त्याआधीच्या, गोल कमानींच्या रोमनेस्क धाटणीचा करून टाकला. ती भिंत अजून तशीच आहे. तुम्ही आधी बाहेरून पूर्वेच्या बाजूला जा, तिथे उंच टोकदार कमानींच्या खिडक्या दिसतील. मग आत येऊन त्याच जागेकडे बघा, गोल भिंत दिसेल. आत आणि बाहेर जुळत नाही. मला वाटतं त्या चर्चमध्ये बघण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढून निघून जातात.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. ही जागा राजाची नव्हतीच, बायकांची होती. नवरा गेला त्याच वर्षी माटिल्डेने मुलाकडून, ओटोकडून, सनद मिळवून इथे राजघराण्यातल्या स्त्रियांचा मठ उभा केला आणि तीस वर्षं सांभाळला. ९६६ मध्ये नात मठाध्यक्षा झाली, तिचंही नाव माटिल्डे. ९९७ मध्ये सम्राट इटलीत असताना या नातीने मागे राज्याचा कारभार पाहिला. या मठाध्यक्षांची स्वतःची नाणी होती, साम्राज्याच्या सभेत त्यांना जागा होती. १८०२-०३ मध्ये मठ संपेपर्यंत साडेआठशेहून जास्त वर्षं तिथे बायकांनी कारभार केला. त्यांतल्या काहींच्या समाधिशिळा त्याच तळघरात आहेत, अंगभर वस्त्र पांघरलेल्या, हातात ग्रंथ धरलेल्या. हिमलरने या सगळ्या बाजूला सारल्या आणि एका योद्ध्याचं तीर्थक्षेत्र केलं. हाडं खोटी ठेवली यापेक्षा मला याचा जास्त राग येतो.

हे मी काकांना बाहेर येऊन सांगितलं. ते म्हणाले, 'लोकांना प्रेरणा लागते, एवढं काय त्यात, श्रद्धेचा विषय असतो.' हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. कुलवृत्तांतात मूळपुरुष म्हणून त्यांनी एक सरदार घातलाय. ना सनद, ना बखर, ना एखादं पत्र. मी पुरावा मागितला तेव्हा हेच उत्तर मिळालं होतं. आणि त्याच पुस्तकात माझ्या वडिलांच्या नोंदीत आहे, 'कन्या २'. आम्हा दोघी बहिणींची नावं नाहीत. आजोबा तरुणपणी गेल्यावर ज्या आजीने कोर्टात उभं राहून जमीन सोडवली, तिचं 'पत्नी' एवढंच, पुढे मृत्यूचं साल. नसलेल्या सरदाराला दीड पान आणि असलेल्या आजीला अर्धी ओळ.

काकांना मी हिमलरच्या रांगेत बसवत नाहीये, कोणी तसं समजू नये. त्या माणसाने लाखोंचे जीव घेतले, काकांनी एक पुस्तक छापलं. आणि चर्चच्या खजिन्यातही 'हाइनरिशचा कंगवा' म्हणून एक हस्तिदंती कंगवा आहे, म्हणजे राजाचं नाव वस्तूला चिकटवायची सवय एसएसच्या आधीपासून होतीच. तो खजिना मात्र चुकवू नका. १९४५ मध्ये एका अमेरिकन लेफ्टनंटने त्यातल्या वस्तू चोरून टपालाने टेक्सासला घरी पाठवल्या, तो मेल्यावर घरच्यांनी विकायला काढल्या तेव्हा पत्ता लागला, आणि १९९३ मध्ये त्या परत आल्या.

माग्डेबुर्गहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो. स्टेशनपासून टेकडीपर्यंत चालत जा, लाकडी चौकटींच्या घरांचं जुनं गाव वाटेतच लागतं, तेही युनेस्कोच्या यादीत आहे. तळघरात उतरलात की राजा शोधू नका, आधी माटिल्डेच्या झाकणावरची अक्षरं बघा.

आणि काका, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झाल्याचं कळलं. आजीचं माहेरचं नाव बाबांच्या वहीत आहे, त्या पानाचा फोटो आणि आम्हा दोघींची नावं मी काल पुन्हा पाठवली आहेत.