चुकायची भीती आणि संत्र्याचा सौदा

“सर, वाचलेलं सगळं समजते, पण बोलाची वेळ आली का तोंडच उघडत नाही.” मराठी शाळेत शिकलेली, आता इंग्रजीची मोठी परीक्षा द्यायला निघालेली मुलं हे मला सतत सांगतात. विदर्भातल्या वरूडकडची असोत की दारव्ह्याची.

त्यांतलीच एक बी.एस्सी. ॲग्री झालेली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) परदेशी शिकायला जाण्यासाठी तिला केंब्रिजची ‘बी-टू फर्स्ट’ ही इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. लेखी सराव उत्तम. पण तोंडी परीक्षेच्या धास्तीनं फॉर्म भरणं लांबवत होती.

“नेमकी भीती कशाची?”

“परीक्षक माह्या चुका मोजत बसन.”

“मोजल्या तर?”

“तर त्याले समजन न सर, का मी खेड्यातली आहे.”

व्याकरणाचा आणखी एक क्लास इथं कामाचा नव्हता. स्वतःची किंमत ठरवायचं काम तिनं परीक्षकाकडे देऊन टाकलं होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर असतो. नुसता धीर देण्यापेक्षा मी समजुतीला पुरावा मागतो.

तो तिच्या घरीच सापडला. घरची संत्र्याची बाग. वडिलांना हिंदी जमत नाही, म्हणून बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्यांशी सौदा हीच करायची.

“तुझी हिंदी बिनचूक आहे?”

“कायची बिनचूक सर! मेरेको-तेरेको चालते.”

“व्यापारी हसतात?”

“हसते कधी कधी.”

“मग तू भाव उतरवतेस?”

“काहून उतरवीन? माल चांगला आहे माहा!”

एवढं बोलून ती थांबली. मीही बोललो नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसावं, हे मी अनुभवानं शिकलो आहे. बऱ्याच वेळानं म्हणाली, “म्हणजे तिथं माह्यं लक्ष मालाकडे रायते, अन् इथं माह्याकडेच.”

सगळी गाठ त्या वाक्यात सुटली. योग्य जागी प्रश्न विचारला की उत्तर समोरच्याकडेच असतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मग आम्ही परीक्षा नीट पाहिली. तोंडी परीक्षेत बहुधा दोन उमेदवार एकत्र, साधारण १४ मिनिटं. एक परीक्षक प्रश्न विचारतो, दुसरा गप्प राहून गुण देतो. तो गप्प माणूस पाहून मुलं घाबरतात, पण त्याचं कामच ते. जोडीदार फाडफाड बोलला तरी तुमचे गुण कमी होत नाहीत. त्याचं ऐकून त्याला धरून बोललात, तर तशा बोलण्यालाही गुण आहेत. प्रत्येक पेपर वेगळा पास व्हावा लागत नाही. केंब्रिजच्या गुणपट्टीवर सगळ्यांची मिळून सरासरी १६० लागते. १४० ते १५९ मिळाले तरी खालच्या, बी-वन पातळीचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे हातात काहीच राहणार नाही, हे खरं नाही.

घरचा अभ्यास एकच दिला: दोन फोटो समोर ठेवून बहिणीपुढं एक मिनिट बोलायचं, मुद्दाम एक चूक करायची आणि न थांबता पुढं जायचं. पहिल्यांदा तिला घाम फुटला. हळूहळू चूक झाल्यावर थबकणं बंद झालं. तिनं फॉर्म भरला, परीक्षा दिली आणि १६० ची पायरी ओलांडली.

आई-वडिलांना आणि क्लासच्या सरांना माझी विनंती आहे. मूल इंग्रजीत बोलत असताना दर वाक्याला टोकू नका. त्याचं संपू द्या, मग एखादीच चूक सांगा. आणि पाहुण्यांसमोर “जरा इंग्लिशमधी बोलून दाखव” हे तर अजिबात नको.