जुनी पोर्श ९२४ मिळते आहे, पण सगळे म्हणतात ती ‘खरी पोर्श’ नव्हे. घ्यावी का, आणि दुरुस्तीला किती त्रास होतो?

घ्या.

त्रासाचं पुढे सांगतो, आधी ते ‘खरी पोर्श नव्हे’ प्रकरण मिटवू. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ऐकून गप्प बसवत नाही. आणि ज्यांनी ही गाडी एकदाही चालवलेली नाही, तेच ते सगळ्यात ठासून बोलतात.

त्यांचं म्हणणं असं असतं: गाडी मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली, इंजिन ऑडीच्या घरातलं, वर तेच इंजिन मालवाहू व्हॅनमध्ये. सुटं सुटं बघितलं तर सगळं खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे. फोक्सवॅगनने हे काम पोर्शला दिलं होतं. १९७३च्या तेलसंकटानंतर फोक्सवॅगनने त्यातून अंग काढून घेतलं, तेव्हा पोर्शने आपणच आखलेली गाडी परत विकत घेतली आणि १९७६च्या मॉडेलपासून स्वतःच्या नावाने विकली. दोन लिटरच्या त्या इंजिनाचा भाऊबंद फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्ये होता, मान्य. पण ९२४ मध्ये त्याला बॉशचं इंजेक्शन, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आहे आणि त्यातून १२५ अश्वशक्ती निघते. फोक्सवॅगनचे भाग लागले म्हणून पोर्श बाटत असेल, तर पोर्शच्याच १९४८च्या ३५६ या गाडीचं काय करायचं? ती तर फोक्सवॅगन बीटलच्याच भागांवर उभी राहिली. पोर्शच्या ९१४ मध्येही फोक्सवॅगनचं इंजिन होतं. त्या दोघींना आज लोक डोक्यावर घेऊन नाचतात.

आणि १९८० साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ९२४ वरून केलेल्या तीन टर्बो गाड्या उतरल्या होत्या. तिन्ही शेवटपर्यंत धावल्या; सहावी, बारावी आणि तेरावी आल्या. व्हॅनवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

गाडीची खरी मांडणी लोक बघतच नाहीत. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, आणि दोघांना जोडणारी एक जाड नळी. त्या नळीच्या आत इंजिनाच्याच वेगाने फिरणारा बारीक शाफ्ट. त्यामुळे पुढचं आणि मागचं वजन जवळजवळ निम्मं निम्मं पडतं. वळणावर ही गाडी जशी अंगाबरोबर वळते, तसं वळणं त्या काळातल्या फार थोड्या गाड्यांना जमलं. शंभरचा वेग गाठायला दहा सेकंदांच्या आसपास लागतात, तेवढ्यावरून तिला हिणवणाऱ्यांनी एकदा घाटाच्या रस्त्यावर बसून बघावं.

आता त्रास. माझ्या गाडीला एकच मोठा आजार होता, आणि तो सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या गाडीलाही तो असण्याची शक्यता भरपूर आहे.

थंड असताना किल्ली फिरवली की गाडी पहिल्या फटक्यात चालू. तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलो, दहा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, की स्टार्टर नुसता घरघरत राहायचा. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा प्रयत्न केला की दोन-तीन सिलिंडरवर अडखळत उठायची आणि मग जसं काही झालंच नाही अशी चालायची. प्लग, वायरी, कॉइल, सगळं बदलून झालं. फरक शून्य.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, इंजेक्शनच्या त्या बारीक नळ्यांचा गुंता बघितला आणि सांगितलं, “हे सगळं काढून टाका, दोन कार्ब्युरेटर बसवू.” म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारी जुनी साधी सोय. तपासणी काहीच नाही. सोबत आमचे दाजी होते. दाजींची हयात इंजिनं उघडण्यात गेली आहे, त्यांच्या हाताला गुण आहे, हे मी कधीच नाकारलेलं नाही. पण ते म्हणाले, “अरे, ही काय खरी पोर्श आहे का, हिच्यासाठी एवढा जीव टाकायला? कार्ब लाव आणि मोकळा हो.”

दाजींचं ते वाक्य मला फार लागलं. पोर्शची नावाजलेली ९११ असती तर त्याच दाजींनी मूळ नटबोल्टसुद्धा बदलू दिला नसता. गाडी हलकी मानली की तिचा आजार शोधायचेही कष्ट घ्यायचे नाहीत, हा कुठला न्याय?

९२४ मधलं इंजेक्शन म्हणजे बॉशचं के-जेट्रॉनिक. त्यात संगणक नाही. आत येणारी हवा एक गोल चकती उचलते, चकतीचा दांडा इंधन वाटपाच्या डोक्यातला पिस्टनसारखा दट्ट्या वर ढकलतो, आणि तो जितका वर जाईल तितकं पेट्रोल चारही नळ्यांतून अखंड फवारलं जातं. दट्ट्यावर वरून एक उलटा दाब असतो, त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात. तो दाब वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो. इंजिन थंड असताना दाब कमी, म्हणून मिश्रण घट्ट, म्हणजे हवेत पेट्रोल जास्त; तापलं की दाब वाढतो. सगळा खेळ दाबाचा आहे. मग दाब न मोजता याला नावं कशी ठेवता येतील?

मी दाबमापक आणि त्याच्या जोडीचा झडपवाला तुकडा मिळवला आणि वाटपाचं डोकं आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये जोडला. पंप चालू केल्यावर मुख्य दाब पाच बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास, जसा हवा तसा. इंजिन तापल्यावर कंट्रोल प्रेशरही ठीक. म्हणजे ज्या डोक्याला गॅरेजवाल्याने बाद ठरवलं होतं, ते धडधाकट होतं. मग गाडी बंद केली आणि सुईकडे बघत बसलो. बंद केल्यावर दाब इंजेक्टर उघडण्याच्या दाबाच्या जरा खाली येऊन तिथेच टिकायला हवा. माझी सुई थांबलीच नाही, सरळ शून्यावर गेली.

दाब टिकणं एवढं महत्त्वाचं का? तापलेलं इंजिन बंद केलं की बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते, कारण हवा खेळत नाही आणि पाणीही फिरत नाही. त्या बारीक नळ्यांतलं पेट्रोल उकळून वाफ होऊ बघतं. त्याला द्रवरूपात धरून ठेवतो तो फक्त दाब. दाब गेला की नळ्यांत वाफ भरते आणि मग स्टार्टर कितीही फिरवा, इंजेक्टरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी उठते. माझ्या गाडीचं प्रत्येक लक्षण यात बसत होतं.

तो दाब दोन गोष्टी धरतात. पंपाच्या तोंडाशी असलेला उलट न जाऊ देणारा व्हॉल्व, आणि अक्युम्युलेटर, म्हणजे आत पडदा आणि स्प्रिंग असलेला एक डबा. दोन्ही गाडीच्या मागच्या बाजूला, खाली. अक्युम्युलेटरच्या स्प्रिंगकडच्या अंगाला एक छोटी नळी असते. पडदा शाबूत असेल तर तिच्यातून पेट्रोल यायचं कारणच नाही. गाडी लोखंडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) चढवली, बॅटरीची तार सोडली, ती नळी सैल केली आणि खाली भांडं धरलं. नळीच्या तोंडाशी एक थेंब आला, फुगला, पडला, मागोमाग दुसरा. मग धारच लागली. पडदा फाटला होता.

अक्युम्युलेटर नवा बसवला, हात तिथे पोचलाच होता म्हणून पंपाचा व्हॉल्वही बदलला, आणि जुने रबरी पाइप सगळे काढले. त्या दिवसापासून गाडी गरम असो की थंड, किल्लीला उठते. ‘मोकळं’ होण्यासाठी जे सगळं उपटून फेकायचं होतं, त्यातला एक डबा खराब होता. दाजी अजूनही म्हणतात की कार्ब लावले असते तर हे कटकटीचं पुराणच नको होतं. कार्ब लावले असते तर ते तापल्यावर त्यांच्यातलंही पेट्रोल उकळलं असतं, हे मी त्यांना प्रत्येक लग्नकार्यात सांगतो.

या गाड्यांचा खरा शत्रू हाच आहे. स्वस्त मिळते म्हणून घ्यायची, कमअस्सल म्हणून हलगर्जी करायची, आणि मग बिघडली की ‘बघा, आम्ही म्हटलंच होतं’. माझ्या गाडीत मिश्रणाचा स्क्रू आधीच्या कुणीतरी पिळून ठेवला होता. हवेची चकती आणि वाटपाचं डोकं यांच्यामधल्या एका भोकात, खोल, तीन मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरणारा तो स्क्रू आहे. कारखान्यात त्यावर बूच असतं, ते बूच गायब. दाब न मोजता तो स्क्रू फिरवणाऱ्याच्या हातात पाना देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

बाकी काय बघायचं ते पटापट सांगतो. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने सडतो आणि पावसाचं पाणी तिथून थेट गाडीत, पायांपाशी उतरतं. चटई उचलून हाताने दाबून बघा, ओल असेल तर वर शोधा. मागची मोठी काच तिच्या चौकटीतून सुटते. मधल्या नळीतले बेअरिंग गेले की न्यूट्रलमध्ये घरघर ऐकू येते. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स आणि ती नळी मागे सरकवल्याशिवाय काम होत नाही, तेव्हा क्लच घसरत असेल तर व्यवहार करताना ते मनात धरा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व वेळेवर उघडणारा पट्टा, कधी बदलला त्याची नोंद नसेल तर बदला. दोन लिटरच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, हा मोठा दिलासा आहे. पण तुमची गाडी ९२४ एस असेल, तर तिच्यात पोर्शच्याच ९४४चं अडीच लिटरचं इंजिन आहे आणि तिथे हा दिलासा नाही. तिथे बेल्ट तुटला की सिलिंडर हेड उघडावंच लागतं.

खर्चाचा आकडा मी देणार नाही. तो गाडी किती लोकांच्या हातातून गेली आणि त्यांनी काय काय पिळलं, यावर ठरतो. एवढं सांगतो की इंजिनापेक्षा पत्रा महाग पडतो. दाराखालचे पट्टे आणि मागच्या सस्पेन्शनचे सांधे सडले असतील तर मी वर ‘घ्या’ म्हटलंय ते मागे घेतो. नंतरच्या गाड्यांना जस्ताचा मुलामा अधिक आहे, निवड असेल तर त्यातली घ्या. आणि हो, वॉर्म-अप रेग्युलेटर आणि वाटपाचं डोकं नवं मिळणं सोपं नाही. बहुतेकदा जुनंच दुरुस्त करून घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो. रोज कामावर जायला एकुलती गाडी म्हणून ही घेऊ नका. पेट्रोलच्या दाबाच्या नळीशी पहिल्यांदाच झटापट करणार असाल तर जाणत्याला शेजारी उभं करा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. पाच बारचं पेट्रोल डोळ्यात उडतं.

तुम्ही विचारलेली गाडी मूळ इंजेक्शनवर आहे की नाही, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. बघायला जाल तेव्हा आधी बॉनेट उघडा. कार्ब्युरेटर दिसले तर मालकाला एवढंच विचारा, काढलेलं इंजेक्शन कुठे आहे? खोक्यात भरून ठेवलेलं, नळ्यांसकट दाखवलं तर बोलणी पुढे न्या. भंगारात दिलं म्हणाला तर दुसरी गाडी शोधा. त्या माणसाने बाकीच्या गाडीचंही तेच केलेलं असणार. आणि इंजेक्शन जागेवर असेल, तर गाडी आधी तापवून न्यायला सांगा, बंद करून पंधरा मिनिटं गप्पा मारा, मग किल्ली स्वतः फिरवा. नाही उठली तर तोंड वाकडं करा, भाव पाडा आणि घेऊन या. अक्युम्युलेटर तपासायचा कसा ते वर लिहिलंच आहे.