सोमवार-मंगळवारची सुट्टी

प्रश्न : हनोईत इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवते. शनिवार-रविवार तास असतात, सुट्टी सोमवार-मंगळवारी. उत्तरेकडच्या डोंगरातल्या सापा या गावी जावं का?

उत्तर : दोन दिवसांत सापा दगदगीचंच. रात्रीची रेल्वे लाओ काई स्टेशनला पोचायला साधारण आठ तास घेते, पुढे तासभर घाटरस्ता. शिवाय त्याच भागातल्या बाक हा गावचा मोठा बाजार फक्त रविवारी भरतो, म्हणजे तो हुकणारच.

त्यापेक्षा हनोईच्या दक्षिणेचं निन्ह बिन्ह गाठा; रेल्वेने दोन-अडीच तास. तिथल्या ट्रांग आन या डोंगर-गुहांच्या परिसरातली होडीफेरी सुमारे तीन तासांची, म्हणून सकाळीच निघा. होडीत सहसा चौघं बसवतात. एकट्या असाल तर सोबत जमेपर्यंत थांबावं लागतं. गुहांत छत इतकं खाली येतं की मान वाकवावीच लागते. जवळच्या हांग मुआ टेकडीच्या पाचशेक पायऱ्या मात्र उन्हं कलल्यावरच चढा, दुपारी दम निघतो. पाऊस झाल्यावर दगड निसरडे होतात, चपला नकोत.