उपकारस्तुतीची सुरुवात करताना

उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानत जगण्याचे, जीवन कोठून सुरू करावे, असे आपण विचारले आहे. सुरुवातीला लांबलचक प्रार्थनेच्या मागे लागू नका. रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवसाची एकच गोष्ट नाव घेऊन देवापुढे मांडा. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असे मोघम न म्हणता, आज टँकर वेळेवर आला, शेजारच्या काकूंनी आईच्या आजारपणात ज्वारीच्या भाकरी करून दिल्या, असे नेमके सांगा.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे दुःख दडपणे. पावसाने ओढ दिल्याने सोयाबीन करपले असताना ‘हेही बरेच झाले’ असे देवाला सांगण्याची गरज नाही. बायबलमधील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१८) प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करावयास सांगतो. प्रत्येक आपत्तीबद्दल आभार माना, असे तो म्हणत नाही, आणि स्तोत्रकर्ते तर देवापुढे रडून, ‘किती काळ?’ असे विचारून मगच स्तुतीकडे वळतात. तेव्हा आधी मन मोकळे करा, संकोच नको.

दुसरी चूक तुलनेची. ‘अमक्यापेक्षा आपले बरे’ ही लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १८) परूश्याची, म्हणजे स्वतःला इतरांहून नीतिमान समजणाऱ्या कर्मठाची, प्रार्थना झाली.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ज्याच्या हातून उपकार झाला, त्या माणसालाही जाऊन सांगा. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, परंतु येशूकडे परतला तो एकटा शोमरोनी, यहूद्यांच्या लेखी परका माणूस (लूक १७).

उपास व रात्रभराच्या प्रार्थना यांविषयी पुढे सवडीने बोलू.