निकॉन एफएम२ साठी जुनी वाइड अँगल लेन्स घ्यायची आहे. २४, २८ की ३५ मिलिमीटर?

२८ घ्या. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की बाबांचा एफएम२, म्हणजे निकॉनचा जुना फिल्मचा कॅमेरा, हाती आलाय, त्यावर फक्त ५० ची लेन्स आहे, घरातले कार्यक्रम आणि गावाकडचा वाडा काढायचाय, आणि मन २४ कडे ओढतंय (आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त रुंद बघते), कारण "लहान खोलीतही सगळे मावतील". हे "सगळे मावतील" वाचलं आणि माझा चहा गार झाला. हेच दोन शब्द आमच्या घरात १९९६ साली उच्चारले गेले होते आणि त्यांचा निकाल अजून लागलेला नाही.

वाईला आमचं जुनं घर आहे. भाद्रपदातला गौरी जेवणाचा दिवस. पुण्या-मुंबईचे सगळे आलेले, लहान-थोर धरून तेवीस माणसं. माझ्याकडे तेव्हा एफएम२ होता, मुंबईत बोरा बाजारातून सेकंडहँड घेतलेला, आणि त्यावर २८ ची सीरिज ई, म्हणजे निकॉनचीच स्वस्तातली लेन्स. ती लेन्स मी पिशवीत ठेवून दिली होती. कारण एका मित्राकडून, जो वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा, त्याच्याकडून मी दोन दिवसांसाठी २४ ची निक्कॉर (निकॉनच्या मुख्य लेन्सांचं हे नाव) मागून आणली होती, आणि ती गळ्यात अडकवून मिरवायची होती. खोटं कशाला बोलू.

जेवणं झाल्यावर ग्रुप फोटो काढायचा ठरला. दरवर्षी अंगणात काढायचो, त्या दिवशी पाऊस थांबेना. मग ओसरीवर काढू म्हणालो. ओसरी दहा फूट खोल. माणसं माजघराच्या भिंतीला लागून, मी ओसरीच्या काठावर, आणि माझ्या पाठीशी पागोळ्यांची सलग धार. अजून दोन फूट मागे जायचं तर पायरी उतरून त्या धारेखाली उभं राहावं लागणार होतं. मी म्हणालो, "दाजी, छत्री धरा की जरा माझ्या डोक्यावर, मी खाली उतरतो." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधाऱ्यातली नोकरी, सगळ्या विषयांतलं कळतं. ते म्हणाले, "अरे कशाला? ती मोठी लेन्स आणलीयस ना? सगळे मावतील."

आणि मावले. तीच तर पंचाईत झाली.

आत्याचे गुडघे गेलेले, तिला खाली बसवत नव्हतं. तिच्यासाठी घडीची लोखंडी खुर्ची आणली. ती खुर्ची मधे ठेवली की मागची दोन पोरं झाकली जात होती, म्हणून दाजींनी ती उचलून उजव्या टोकाला नेऊन ठेवली. व्ह्यूफाइंडरमध्ये आत्या अगदी काठावर दिसत होती. एफएम२ चा व्ह्यूफाइंडर ९३ टक्केच दाखवतो, म्हणजे फिल्मवर अजून थोडी जागा आहे, आत्या कापली जाणार नाही, एवढाच हिशोब मी केला. तो हिशोब बरोबर निघाला. आत्या कापली गेली नाही, पसरली. रोल धुऊन आला तेव्हा मधली सगळी माणसं सरळसोट, आणि उजव्या टोकाला आत्या अशी की जणू कुणी गालाला धरून बाहेर ओढलंय.

हसण्यावारी गेलंही असतं. पण त्या फाल्गुनात आत्या गेली. तिचा अलीकडचा, चेहरा समोर असलेला दुसरा फोटोच सापडेना. मग गावातल्या एका स्टुडिओवाल्याने त्याच निगेटिव्हमधून तेवढा चेहरा उचलून मोठा करून दिला. फिल्मचा दाणा रव्यासारखा, आणि चेहरा भोपळ्यासारखा. तो हार घालून माजघरात लागला आणि आजही तिथेच आहे. दर पितृपक्षात दाजी त्याच्याकडे बघून म्हणतात, "याच्या त्या लेन्सनं आत्याचं तोंड बिघडवलं."

तर आता जे लिहितोय ते तुमच्यासाठी आहे आणि थोडं दाजींसाठीही.

लेन्स चेहरा बिघडवत नाही. वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवायच्या मागे असते. खांब, तुळई, फरशीच्या ओळी वाकू नयेत म्हणून ती काठाकडच्या गोष्टी ताणते. सपाट भिंतीला हा ताण कळत नाही, गोल वस्तूला लगेच कळतो. आणि माणसाचं डोकं गोल असतं. फ्रेमच्या उजव्या किंवा डाव्या काठावर चेंडू ठेवलात तर ३५ ची लेन्स त्याला साधारण १२ टक्के लांबट करते, २८ ची १९ टक्के आणि २४ ची बरोबर २५ टक्के. यात लेन्सची कंपनी, किंमत, काच, काही बघायचं नाही. हा भूमितीचा हिशोब आहे, कागदावर करून बघा. जगातली सर्वांत महाग २४ आणलीत तरी काठावरची आत्या सव्वापट होणार, आणि मधे बसवलीत तर २४ मध्येही ती आत्याच राहणार. खुर्ची काठावर कुणी नेली ते वर आलंच आहे.

दुसरा हिशोब अंतराचा. दहा फुटांवरून २४ ला पंधरा फूट रुंदी मिळते. २८ ला तेवढीच रुंदी घ्यायची तर पावणेबारा फूट मागे जावं लागतं, ३५ ला साडेचौदा. म्हणजे २४ आणि २८ मधला सगळा झगडा आमच्या ओसरीवर पावणेदोन फुटांचा होता. एक पायरी, एक छत्री. एवढ्यासाठी २४ घेऊन काय मिळवलं?

माझं स्पष्ट मत असं की घरातली माणसं काढणाऱ्याने पहिली वाइड म्हणून २४ घेऊच नये. ती लेन्स वाईट नाही, निकॉनची २४ एफ२.८ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) तर फार नामी आहे. १९६७ सालची, जवळच्या फोकसला काचा वेगवेगळ्या सरकवायची जी युक्ती निकॉनने काढली ती पहिल्यांदा याच लेन्समध्ये आली. पण २४ ला शिस्त लागते. कॅमेरा जरा वर-खाली कलला की वाड्याचे खांब एकमेकांच्या अंगावर पडतात, काठावर कोण बसलंय ते प्रत्येक वेळी बघावं लागतं, आणि घरच्या कार्यक्रमात ती शिस्त तुम्हाला कुणी पाळू देत नाही. "काढ रे लवकर, पोरं रडायला लागली." वर जुने छोटे फ्लॅश बहुतेक ३५ पर्यंतच उजेड पसरतात. २४ ला कोपरे काळे.

३५ बद्दल विचारलंत. ३५ ही वाइड नाहीच. ती लाजरी ५० आहे. तुमच्याकडे ५० असताना ३५ घेणं म्हणजे एक पोळी खाल्ल्यावर अर्धी पोळी वाढून घेणं. (३५ वाले चिडतील. चिडू देत. पन्नासशिवाय फक्त ३५ ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी, मग ती एकटी सगळा संसार ओढते.)

२८ मध्ये कोणती? निकॉनच्याच, हाताने फोकस करायच्या एफ२.८ च्या तीन वेगळ्या जाती बाजारात फिरतात आणि विकणारे सगळ्यांना एकाच नावाने विकतात. एआय आणि तिच्यानंतरची एआय-एस या निकॉनच्या जुन्या लेन्सांच्या पिढ्या. त्यांतली एआय-एस ची सगळ्यांत उत्तम: आठ काचा, जवळच्या फोकसची तीच युक्ती, आणि २० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. ओळखायची खूण सोपी, अंतराच्या आकड्यांत शेवटी ०.२ लिहिलेलं असतं. ०.३ वर थांबली तर ती जुनी एआय किंवा सीरिज ई. सीरिज ई म्हणजे माझी. पाचच काचा, अंगाने हलकी, लोक प्लॅस्टिक म्हणून नाक मुरडतात. एफ८ ला माझ्या ८×१२ इंची प्रिंटमध्ये मला तिच्यात आणि एआय-एसमध्ये फरक दाखवता येत नाही, आणि दाखवू शकतो म्हणणाऱ्यांनाही अजून आला नाही. पैसे कमी असतील तर एफ३.५ ची एआय बघा, कुणाला नको असते म्हणून स्वस्तात पडते. बाहेर उजेडात काढणार असाल तर एफ२.८ ची हौस काय करायची?

२८ चं खरं सुख लेन्सच्या नळीवर कोरलेलं असतं. एफ८ ठेवा, फोकस सव्वातीन मीटरवर लावा, आणि विसरून जा. साधारण एक मीटर साठ सेंटिमीटरपासून डोंगरापर्यंत सगळं नीट येतं. निक्कॉरवर या खुणा रंगीत रेघांनी दिलेल्या असतात, आठाचा जो रंग त्याच रंगाच्या दोन रेघा शोधायच्या. बहुतेक नव्या लेन्सांवरून हे काढून टाकलं. का, देव जाणे.

आता राहिलेल्या गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या.

एफएम२ वर एआयच्या आधीची लेन्स चढवू नका. अ‍ॅपर्चरच्या रिंगवर, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करायच्या कड्यावर, एआय लेन्सला आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक मोठी आणि तिच्या मागे एक बारीक. एकच ओळ असेल तर लेन्स जुनी आहे किंवा कुणी घासून बदललेली आहे, दोन्ही बाबतींत विचारून घ्या. जबरदस्ती केलीत तर कॅमेऱ्याच्या तोंडापाशी जी छोटी जीभ आहे ती मोडते.

नेटवर फ्लेक्टोगॉन या जुन्या जर्मन वाइड लेन्सचे गोडवे वाचून एम४२ ची, म्हणजे आटे फिरवून बसवायची, लेन्स आणि अडॅप्टर मागवू नका. निकॉनच्या माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर, एम४२ ला हवेत ४५.४६. फरक मिलिमीटरभराचा, पण २८ च्या लेन्सवर त्याचा अर्थ असा की मीटरभराच्या पलीकडचं काहीही फोकसमध्ये येणार नाही. मधे काच असलेला अडॅप्टर मिळतो, तो लावला की लांबचं येतं आणि लेन्सचा गुण जातो.

बुरशी. कोकणातून, मुंबईतून किंवा आमच्या वाईसारख्या पाऊसपाण्याच्या गावातून आलेली लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर विकणारा "काही फरक पडत नाही हो" म्हणेल. आज पडत नाही, दोन पावसाळ्यांनी पडतो. धूळ चालते, आतले दोन-चार कण सगळ्या जुन्या लेन्सांत असतात. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको, पाती चटकन मिटली पाहिजेत. आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, तिथेच बुरशीचं माहेर. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे. माझी सीरिज ई अजून स्वच्छ आहे ती अशीच.

बजेट तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही. गेल्या काही वर्षांत भाव फार पळालेत.

राहता राहिले दाजी. मागच्या वर्षी मी तो मूळ ग्रुप फोटो पुन्हा ८×१२ वर प्रिंट करून घेतला. मला एक गोष्ट खूप उशिरा कळली होती: कोणताही फोटो जितका मोठा केला असेल तितक्या पटीने लेन्सचं माप धरायचं आणि तेवढ्या अंतरावरून बघायचं, म्हणजे ताण दिसत नाही. २४ मिलिमीटर, साडेआठपट मोठा केलेला, म्हणजे वीस सेंटिमीटर, वीतभर. मी दाजींना प्रिंट दिला आणि म्हणालो, एक डोळा मिटा, फोटोच्या मध्यावर नाक आणा, वीतभर अंतर ठेवा, आणि मान न हलवता डोळा फक्त उजवीकडे फिरवा. त्यांचा चष्मा कागदाला लागेपर्यंत ते वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. आत्या तिथे नीट बसली होती, गाल जागेवर.

मग सरळ होऊन म्हणाले, "म्हणजे आता भिंतीला नाक लावून श्राद्ध घालायचं का?"

खरं तर नाक लावायची गरज नाही. हार घातलेल्या फोटोत चेहरा एकटाच आहे, तो समोरून न बघता डावीकडून तिरपा बघितला की ताण आपोआप आक्रसतो आणि चेहरा गोल होतो. हे मी सगळ्यांना उभं करून दाखवत होतो तर आई म्हणाली, "मला तर ती कधी वाकडी दिसलीच नाही. तुम्ही काय भांडताय इतकी वर्षं तेच कळत नव्हतं." आईचं अर्धं आयुष्य स्वयंपाकघराच्या दारात गेलं, आणि ते दार फोटोच्या डावीकडे आहे.

दाजींचा पाट मात्र बरोबर फोटोसमोर असतो. जावयाचा मान.