लॅपबुकमधून इतिहास: आधी प्रश्न, मग घडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. घरीच शिकवताना सिंधू संस्कृतीवर लॅपबुक, म्हणजे घडीच्या फोल्डरमध्ये छोट्या कागदी पुस्तिका चिकटवून केलेली एका विषयाची वही, करायला घेतलं. तीन आठवडे कापाकापी आणि रंगवणं झालं. आता पुस्तिका सुटून येतात, फोल्डर नीट मिटत नाही, आणि काय समजलं असं विचारलं की मुलगी "विटा" म्हणून थांबते.

शेवटची तक्रार आधी घेतो. बाकीच्या दोन डिंकाच्या आणि मापाच्या आहेत, त्या अर्ध्या तासात सुटतात.

बहुतेक घरांत लॅपबुक उलट्या टोकाने सुरू होतं. फुलाची घडी छान दिसली, चाक फिरवायला मजा येते, म्हणून ते आकार कापून घेतले, आणि मग त्यात काय लिहायचं ते शोधलं. तसं केलं की मूल पुस्तकातली वाक्यं उचलून त्या जागेत बसवतं. त्याचं सगळं लक्ष कात्रीवर राहतं. प्रत्येक घडी एक विशिष्ट प्रकारचा विचार करायला लावते, म्हणून आधी प्रश्न ठरवा आणि त्या प्रश्नाला साजेशी घडी नंतर निवडा. नऊ वर्षांच्या मुलीला एका विषयावर सहा प्रश्न पुरेत, सहा वर्षांच्या मुलाला तीन. पंधरा पुस्तिकांचं लॅपबुक फोटोत भरगच्च दिसतं, पण ते पुन्हा कुणी उघडत नाही.

"कधी?" या प्रश्नाला पंख्यासारखी घडीची पट्टी लागते, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मुलं आठ घड्या पाडतात आणि प्रत्येकीत एकेक घटना लिहितात. म्हणजे हडप्पा आणि अशोक यांच्यात एक घडी, अशोक आणि शिवाजी महाराज यांच्यातही एकच घडी. काळाचं अंतर तिथेच पुसलं गेलं! पट्टी मापाची हवी. १ सेंमी म्हणजे १०० वर्षं, आणि प्रत्येक घडी ७ सेंमीची. सिंधू संस्कृतीला हे माप विलक्षण जुळतं: इ.स.पू. ३३०० ते २६०० हा आरंभीचा काळ म्हणजे बरोबर पहिली घडी, आणि इ.स.पू. २६०० ते १९०० हा भरभराटीचा नागरी काळ म्हणजे बरोबर दुसरी. अशा आठ घड्यांत तुम्ही इ.स. २३०० पर्यंत पोचता, म्हणजे शेवटच्या घडीचा थोडा भाग अजून न घडलेल्या इतिहासासाठी कोरा राहतो. तो कोराच ठेवा, मुलं त्यावर बरंच बोलतात.

एकूण लांबी ५६ सेंमी होते आणि ए३ कागद ४२ सेंमीचा असतो. म्हणून एक पट्टी ४२ सेंमीची, म्हणजे सहा घड्या, आणि दुसरी १५.५ सेंमीची: दोन घड्या अधिक दीड सेंमीची चिकटपट्टी. ही दीड सेंमी सहाव्या घडीच्या मागे चिकटवायची. जोड घडीवर येतो, पण दुमडणारा कागद अखंड असतो, त्यामुळे फाटत नाही. पट्टीची उंची ८ सेंमी ठेवा आणि कागद १२० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप; आकडा मोठा तितका कागद जाड) आसपासचा घ्या. जाड कार्डाच्या आठ घड्या एकावर एक आल्या की फोल्डर फुगलंच. चिकटवताना फक्त पहिल्या घडीच्या पाठीला गोंद लावा.

पट्टीवर गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमारास येतो, म्हणजे दुसऱ्या घडीच्या सुरुवातीपासून अवघ्या ४ मिलिमीटरवर. मोहेंजोदडो आणि पिरॅमिड एकाच काळातले, हे सांगून जितकं ठसत नाही तितकं या ४ मिलिमीटरनी ठसतं. अशोक इ.स.पू. तिसऱ्या शतकात, पाचव्या घडीत. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, तो शेवटच्या घडीत ७.४ मिलिमीटरवर. आणि हडप्पाचं उत्खनन सुरू झालं १९२१ मध्ये, त्याच घडीत ३.२ सेंमीवर. शहरं ओस पडल्यापासून ती खणून निघेपर्यंत मध्ये किती कागद जातो ते मुलीला बोटाने मोजू द्या. एक खबरदारी: इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य वर्ष नसतं. पट्टीवर हा फरक दिसणारही नाही, पण "किती वर्षं झाली?" असं गणित घातलं की उत्तर एकाने चुकतं.

"कुठे?" यासाठी नकाशा, पण रंगवून संपणारा नको. खाली कागदावर फक्त नद्या आणि किनारा. त्यावर पारदर्शक शीट, तिच्यावर हडप्पा, मोहेंजोदडो, धोलावीरा, लोथल, कालीबंगा, राखीगढी. त्यावर दुसरी शीट आजच्या सीमांची. शीट उलटली की कोणतं स्थळ आज पाकिस्तानात, कोणतं गुजरात, राजस्थान किंवा हरियाणात ते कळतं. आणि त्या काळी या सीमा नव्हत्या हेही वेगळं सांगावं लागत नाही. पारदर्शक शीटवर जेल पेन पुसलं जातं, परमनंट मार्करच वापरा. दोन्ही शीट वरच्या एकाच कडेला टेपने बांधा, नाहीतर ठिपके सरकून लोथल समुद्रात जातं.

"केवढं?" याला मापाचा आराखडा. मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. १ मीटरला १ सेंमी घेतलं तर १२ × ७ सेंमीचा आयत, शेजारी २.४ सेंमीची खोलीची पट्टी, आणि त्याच मापात मुलाची स्वतःची कागदी आकृती, साधारण सव्वा सेंमीची. हे काम धाकट्याला द्या. स्वतःला त्या टाकीत उभं केल्यावर आपण बुडतो की नाही, हा प्रश्न तो आपणहून विचारेल.

आता ज्या पुस्तिकेसाठी बाकीच्या दोन कमी केल्या तरी चालतील ती. सिंधू लिपी अजून वाचली गेलेली नाही, त्यामुळे या विषयात "असं होतं" आणि "असं असावं" यांतला फरक शिकवण्याची संधी आयती मिळते. पायऱ्यांच्या पुस्तिकेला तीन पायऱ्या द्या: सापडलं, त्यावरून ताडलं, ठाऊक नाही. महास्नानगृहाचंच घ्या. सापडलं: पक्क्या विटांची टाकी, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर, दोन बाजूंनी उतरत्या पायऱ्या. ताडलं: धार्मिक विधीचं स्नान. ठाऊक नाही: आत कुणाला जाता येई. मुलं सुरुवातीला ताडलेल्या गोष्टी सापडलेल्यांत घालतात. "पुजारी-राजा"चा पुतळा सापडला, म्हणजे राजा होता, असं मुलगी लिहील. तेव्हा सांगा की पुतळा सापडला, नाव उत्खनन करणाऱ्या मंडळींनी नंतर दिलं. खोडरबर इथे खूप लागतो, म्हणून ही पुस्तिका पेन्सिलनेच लिहायची.

ती करायला ८ × १८ सेंमीच्या दोन पट्ट्या घ्या. मागची पट्टी पुढचीपेक्षा १.५ सेंमी खाली सरकवा. पुढच्या पट्टीच्या वरच्या कडेपासून ८.२५ सेंमीवर दोन्ही एकदम पुढे दुमडा. चार कडा दीड-दीड सेंमीच्या अंतराने दिसतात: सगळ्यात वर शीर्षक, खाली तीन पायऱ्या. हाताने मोजायचा कंटाळा असेल तर कडा सारख्या दिसेपर्यंत घडी न दाबता सरकवत राहा आणि मगच नखाने दाबा. वरच्या घडीत आतून दोन पिना मारल्या की झालं.

"कशावरून?" यासाठी काडेपेटीसारखी झाकणाची छोटी पुस्तिका चांगली: बाहेर विधान, आत पुरावा. उदाहरणार्थ बाहेर "दूरदूरच्या शहरांत वजनं एकसारखी होती", आत चर्ट दगडाच्या घनाकृती वजनांचं चित्र आणि दुपटीने वाढणारी रांग: १, २, ४, ८, १६. कागद ७ सेंमी रुंद आणि १५.३ सेंमी लांब घ्या: तळाला १.५ ची पट्टी, मग ७ चा मागचा भाग, मग ६.८ चं झाकण. झाकणही ७ चंच ठेवलं तर ते तळच्या घडीला टेकून फुगतं आणि सतत उघडं राहतं. ते २ मिलिमीटर विसरू नका.

"ही शहरं का ओस पडली?" याला पाकळ्यांची घडी शोभते, कारण उत्तर एक नाही. पाऊसमान घटणं, नद्यांचे प्रवाह बदलणं, मेसोपोटेमियाशी व्यापार मंदावणं, एकेक पाकळी एकेका कारणाची. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मांडलेली आक्रमणाची कल्पना पुढच्या अभ्यासात टिकली नाही. तीही एक पाकळी म्हणून ठेवा आणि मुलीला तिच्यावर काट मारू द्या. इतिहासकारांचंही मत बदलतं, हे त्यातून दिसतं.

सिंधू संस्कृतीतल्या मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचे कोरीव शिक्के, बनवायची हौस मुलांना असतेच. खऱ्या मुद्रा बहुधा २ ते ३ सेंमीच्या चौकोनी असतात, तेव्हा २.५ सेंमीचा खोडरबर पुरतो. चित्र उलटं कोरावं लागतं, ते एकदा चुकू द्या. दुसरी अडचण कमी जणांना माहीत असते: मुद्रा खोदून कोरलेली असते, ती मऊ मातीत दाबली की चित्र उठून दिसतं. शाई लावून कागदावर मारली तर उलट होतं, कोरलेला भाग पांढरा राहतो आणि भोवती काळा चौकोन. मूल म्हणतं "बिघडलं". बिघडलं नाही, माध्यम बदललं. मातीचा ठसा लॅपबुकात चिकटवू नका, वाळला की तडकतो आणि मिटताना चुरा होतो. त्याचा फोटो लावा.

आता फोल्डर. २२० ते २५० जीएसएमचं ए३ कार्ड आडवं ठेवा. दोन्ही बाजू मध्यरेषेकडे दुमडायच्या, पण १०.५ ऐवजी १०.४ सेंमीवर, नाहीतर झडपा एकमेकींवर चढतात. दुमडण्याआधी स्टीलची पट्टी लावून रिकाम्या बॉलपेनने रेघ ओढा. तरीही घडीवर कार्ड तडकत असेल तर कागदाचे तंतू आडवे आहेत. कार्ड दोन्ही दिशांनी हलकं वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतं तिकडे घडी घालावी. जमत नसेल तर घडीवर बाहेरून कापडी टेप.

मिटत नाही त्याचं कारण बहुधा जाडीवर जाडी. डावी झडप मध्यभागाच्या डाव्या अर्ध्यावर येऊन पडते. म्हणून पंख्याची घडी डाव्या झडपेवर असेल तर मध्यभागी डावीकडे नकाशासारखं सपाट काहीतरी ठेवा. सगळ्या पुस्तिका आधी रद्दी कागदाच्या करून मांडा, फोल्डर मिटून बघा, घड्यांपासून १ सेंमी जागा मोकळी ठेवा. खरं चिकटवणं सगळ्यात शेवटी, एकाच दिवशी.

सुटून येण्याचं कारण म्हणजे मुलं मधोमध ग्लूस्टिक फिरवतात आणि कडा कोरड्या राहतात. खाली रद्दी ठेवून कडेच्या बाहेरपर्यंत गोंद न्यायचा. पांढरा डिंक पक्का असतो, पण त्यातल्या पाण्याने पातळ कागद फुगून लाटा पडतात आणि इंकजेटची छपाई पसरते. खिशांना आणि वारंवार ओढल्या जाणाऱ्या पुस्तिकांना दुतर्फी टेपच लावा. मग प्लास्टिकच्या कागदात ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली.

वेळेचं गणितही बदला. पाऊण तासाच्या बैठकीत वीस मिनिटं वाचन आणि गप्पा, दहा मिनिटं पुस्तक मिटून आठवेल ते कच्च्या वहीत, आणि उरलेली पंधरा कात्रीला. मधली दहा मिनिटं गाळली की लॅपबुक हस्तकलेचं होतं. मुलीने एका झाकणाखाली वीसेक शब्द स्वतःचे लिहावेत. मुलाने सांगायचं, तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहायचं, व्याकरण न सुधारता. त्याचं कापणं तुम्ही आधी करून ठेवलं तरी चालेल, त्यात कसलीही फसवणूक नाही. छापील तयार संच मात्र रिकाम्या आकारांपुरते आणि नकाशापुरतेच घ्या; गाळलेल्या जागा भरायचे संच मुलांना फक्त कापायला शिकवतात.

झाकणांवर नाव लिहू नका, प्रश्न लिहा. "सांडपाणी" ऐवजी "घरातलं सांडपाणी कुठून जाई?" मूल आधी उत्तर सांगतं, मग झाकण उचलतं. पूर्ण झाल्यावर दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, दोन आठवड्यांनी, पाच-पाच मिनिटं एवढंच करा.

आत्ता तुमच्यापुढे जे अर्धवट फोल्डर आहे ते टाकून देऊ नका. सुटलेल्या पुस्तिका काढून मागच्या बाजूला एका खिशात ठेवा, मधला भाग रिकामा करा, आणि उद्या फक्त काळाची पट्टी घ्या. "विटा" हे उत्तरही वाया गेलेलं नाही: त्या विटांची जाडी, रुंदी, लांबी १:२:४ अशा प्रमाणात असे. मुलीला घरातली कुठलीही वीट, डबा किंवा पुस्तक मोजून हे प्रमाण सापडतं का बघायला सांगा. तिची पहिली "कशावरून?" पुस्तिका त्याचीच होऊ द्या.