इंग्रजीच्या तासाला मुलं स्वतः किती मिनिटं इंग्रजी वापरतात, ते आधी मोजा

तुम्ही विचारलंय की हायस्कूल-कॉलेजात मुलं आठ-दहा वर्षं इंग्रजी शिकतात, पास होतात, काहींना चांगले मार्कही पडतात, तरी चार वाक्यं धड बोलता येत नाहीत, मग शिकवण्यात नक्की काय बदलायला हवं. मी बरीच वर्षं आधी हायस्कूलला आणि नंतर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवतेय, त्यावरून सांगते. अभ्यासक्रम, पुस्तक, स्मार्ट बोर्ड हे सगळं नंतर. मूळ दुखणं हे आहे की इंग्रजीच्या तासाला इंग्रजी फक्त शिक्षक वापरतो, मुलं वापरतच नाहीत.

साधा हिशोब करा. 40 मिनिटांचा तास आणि वर्गात 60 मुलं, म्हणजे शिक्षकाने तोंडातून एक अक्षर न काढता सगळा तास मुलांना वाटून दिला तरी एकेकाच्या वाट्याला 40 सेकंद येतात. आणि प्रत्यक्षात काय होतं, तर आपण धडा वाचतो, अर्थ सांगतो, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहितो, मुलं ती उतरवून घेतात, पहिल्या बाकावरची तीन-चार मुलं उत्तरं देतात आणि बेल होते. बाकीच्यांनी वर्षभरात स्वतःच्या मनातलं एक वाक्यसुद्धा इंग्रजीत जुळवलेलं नसतं.

मला हे कळलं ते एका मुलीमुळे. आम्ही पॅसिव्ह व्हॉइस नुकतंच संपवलं होतं आणि ती त्यात एकदम पक्की होती, 'शी रोट अ लेटर' म्हटलं की पुढच्या क्षणाला 'अ लेटर वॉज रिटन बाय हर' हजर. दुसऱ्या दिवशी ती दहा मिनिटं उशिरा आली आणि मी सहज इंग्रजीत विचारलं की उशीर का झाला. ती दाराची चौकट धरून उभी राहिली, ओठ हलत होते, मला दिसत होतं की मनात वाक्य आधी मराठीत तयार होतंय आणि मग एकेक शब्द उचलला जातोय, शेवटी 'आय... लेट... बिकॉज' एवढं म्हणून ती थांबली आणि मी पण लगेच 'ओके, सिट डाउन' म्हणून तिला सोडून दिलं. मला ते फार लागलं. तिला व्याकरण येत होतं, पण आपल्याबद्दलची एखादी खरी गोष्ट कुणाला तरी इंग्रजीत सांगायची वेळच आम्ही तिच्यावर कधी आणली नव्हती. आणि आणली तेव्हा तिला पाच सेकंदही दिले नाहीत.

हे पाच सेकंद महत्त्वाचे आहेत म्हणून जरा थांबते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात सायन्सचे तास ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ वाट बघतात, तर जेमतेम एक सेकंद, की लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तोच वेळ तीन सेकंदांच्या आसपास नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात असं त्यांना दिसलं. ते सायन्सचं झालं, जिथे मुलं सवयीच्या भाषेत बोलत होती. परक्या भाषेत तर शब्द शोधायचे, क्रम लावायचा, क्रियापद बरोबर आहे का बघायचं आणि हसं होईल ही भीती पण सांभाळायची, मग तिथे वेळ जास्तच लागणार ना. मी आता प्रश्न विचारल्यावर मनात हळूहळू पाचपर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता खूप अवघड वाटते पण दोन आठवड्यांत मुलांनाच कळतं की मॅडम थांबणार आहेत.

पण नुसतं थांबून 60 मुलांचं भागत नाही, त्यासाठी जोड्याच लावाव्या लागतात. जोडीने बोलायला लावलं की एका वेळी अर्धा वर्ग बोलत असतो, एका झटक्यात 30 तोंडं. माझी सगळ्यात आवडती पद्धत म्हणजे चार-तीन-दोन. विषय अगदी साधा घ्यायचा, काल संध्याकाळी काय केलं किंवा अशी एक वस्तू जी हरवली आणि सापडलीच नाही. आधी जोडीदाराला 4 मिनिटं सांगायचं, मग जोडीदार बदलून तीच गोष्ट 3 मिनिटांत, मग पुन्हा बदलून 2 मिनिटांत. पहिल्या फेरीत नुसतं अडखळणं असतं, मध्ये मध्ये मराठी येतं, पण तिसऱ्या फेरीपर्यंत शब्द हाताशी आलेले असतात आणि लक्ष सांगण्याकडे जातं. उशिरा आलेल्या त्या मुलीने अशाच एका तासाला तिसऱ्या फेरीत हरवलेल्या छत्रीची गोष्ट सलग सांगितली, पास्ट टेन्स चार ठिकाणी चुकला होता, पण गोष्ट पूर्ण झाली आणि समोरच्या मुलीने 'देन?' असं विचारलं. ते 'देन?' मला आजही आठवतं. शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार येते हे खरं आहे, त्यासाठी आधी जाऊन शांतपणे सांगून ठेवायचं आणि दारं लावून घ्यायची, यापलीकडे माझ्याकडे उपाय नाही.

आता एक गोष्ट जी बऱ्याच शिक्षकांना पटत नाही. इंग्रजीच्या तासाला मराठीवर बंदी घालू नका. पूर्ण धडा मराठीत सांगणं वेगळं, ते चूकच आहे, पण तुलनेसाठी दोन मिनिटं मराठी वापरली तर जे काम होतं ते व्याख्या पाठ करून होत नाही. आपली मुलं ज्या चुका करतात त्या वेड्यावाकड्या नसतात, त्यांच्यामागे मराठीचा हिशोब असतो. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' याचं सरळ 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स' होतं, कारण मराठीत 'राहतो' हे वर्तमानकाळातच चालतं आणि 'सोमवारपासून' असो की 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे 'पासून' एकच. इंग्रजीला मात्र तिथे 'हॅव लिव्ह्ड' लागतं, आणि कधीपासून सुरू झालं ते सांगायचं तर 'सिन्स मंडे', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर टू इयर्स'. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की मुलं स्वतःच म्हणतात, अरे, म्हणून चुकतं होय. तसंच 'मला आवडतं, मला वाटतं, मला आठवतं, मला राग आला' यात आपण माणसाला 'ला' लावतो आणि इंग्रजी त्याच माणसाला 'आय' करून वाक्याच्या तोंडाशी बसवते, आय लाइक, आय थिंक, आय रिमेंबर. मुलं वाक्याच्या पहिल्याच शब्दाला अडतात त्यातला बराच भाग हा असतो. प्रश्नांचं पण तेच, आपण वाक्य तसंच ठेवून मध्ये 'कुठे' घालतो किंवा शेवटी 'का' लावतो, त्यामुळे 'व्हेअर यू लिव्ह?' येतं आणि 'डू' राहून जातो. 'अ' आणि 'द' तर आपल्याकडे नाहीतच, ते वाचून वाचून अंगवळणी पडतात, नियमांनी फारसे येत नाहीत असं माझं मत आहे.

वाचनावरून मुख्य मुद्द्यावर येते, कारण मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि सगळ्यात कमी लक्ष पण इथेच. पॉल नेशन हे शब्दसंग्रहावर काम केलेले नावाजलेले अभ्यासक, त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून असं निघालं की मदतीशिवाय नीट कळून वाचायचं तर मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे 50 शब्दांत एखादाच नवा. आता तुमच्या कॉलेजच्या पुस्तकातला एक परिच्छेद घ्या आणि मधल्या बाकावरच्या मुलाला न कळणाऱ्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. मी हे करून पाहिलंय, काही ओळींत चार-चार रेघा येतात. याला वाचन म्हणता येत नाही, ते उलगडणं झालं, आणि उलगडून देणारा शिक्षक किंवा तयार उत्तरांचं पुस्तक असलं की मूल स्वतः वाचायचं सोडून देतं. म्हणून अवघड धडा राहू दे, परीक्षेला आहे तर शिकवावाच लागेल, पण त्याच्या जोडीला मुलाला सहज कळेल असं भरपूर वाचायला मिळालं पाहिजे. वय सोळा-सतरा असलं तरी त्याच्या इंग्रजीच्या पातळीची पुस्तकं द्यायची आणि त्यात कमीपणा वाटू द्यायचा नाही.

फिजीमध्ये 1980-81 ला वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी हाच प्रयोग केला होता. खेड्यातल्या प्राथमिक शाळा, इंग्रजी ही दुसरी भाषा, वर्गांना साधारण 250 सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली आणि रोज वाचायला वेळ दिला. ही मुलं वाचनात आणि ऐकून समजण्यात नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांपेक्षा बरीच पुढे गेली आणि दुसऱ्या वर्षी तो फायदा लिखाणातही दिसला. मुलं लहान होती हे मान्य, पण मोठ्या मुलांना गोष्ट नको असते असं मला एकदाही दिसलेलं नाही. आठवड्यातला एक तास, नाहीतर रोजची 10 मिनिटं, त्यात फक्त वाचायचं, शिक्षकानेही समोर बसून वाचायचं, नंतर प्रश्नोत्तरं नाहीत.

परीक्षेबद्दल थोडक्यात बोलते कारण तिथे एकट्या शिक्षकाच्या हातात फार नसतं. मुलं परीक्षेला जे येतं तेच शिकतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. धड्याखालचेच प्रश्न येणार असतील तर पाठांतर हाच शहाणपणा ठरतो. पण अंतर्गत मार्क तर आपल्या हातात असतात ना, तिथे न पाहिलेला उतारा द्या, तीन मिनिटांचं बोलणं ठेवा, आणि निबंधाऐवजी असं काहीतरी लिहायला द्या जे पाठ करताच येणार नाही, उदाहरणार्थ आज वर्गात काय झालं ते गैरहजर असलेल्या मैत्रिणीला कळवायचं. बोलण्याला 10 मार्क आहेत म्हटल्यावर मुलं मधल्या सुट्टीत सराव करताना मी बघितलीयेत.

वह्या तपासण्याबद्दल एवढंच की सगळ्या चुका लाल करू नका. लाल रेघांनी भरलेलं पान मूल वाचत नाही, मिटून ठेवतं, आणि पुढच्या वेळी जपून दोनच वाक्यं लिहितं. मी एका आठवड्याला एकच प्रकार धरते, या आठवड्यात फक्त पास्ट टेन्स, चूक दाखवते पण दुरुस्त करत नाही, ते काम त्याचं त्याने करायचं. यात 60 वह्या तपासून पण होतात, नाहीतर कुठलाही शिक्षक थकून जाईल.

तुम्ही स्वतः शिकवत असाल आणि उद्यापासून काय करू असं मनात असेल तर पुस्तकांची एक पेटी करा. ग्रंथालयातून सोपी 30-40 पुस्तकं मागून घ्या, नाहीतर मुलांकडूनच जुनी गोळा करा, वर्गातच ठेवा, कपाटात कुलूप लावून नको. रजिस्टर मुलांनाच सांभाळू दे, एखादं हरवलं तर हरवू दे. आणि कुणी पुस्तक परत आणलं की सारांश लिहून मागू नका, इंग्रजीत एवढंच विचारा की हे आता वर्गात कुणाला देऊ आणि का. मग पाचपर्यंत मोजा.